शिंगवाल्या अळीचें कुळ

गेल्या श्रावणांतील गोष्ट. मुलुंड स्टेशनापासून पश्चिमेकडे डोंगराच्या रोखानें जे काटकोनी रस्ते १९२२ च्या सुमारास आंखले गेले, त्यांपैकीं एका रस्त्यावर आमचें बिऱ्हाड आहे. इमारतीच्या आवारास तगरीचें कुंपण आहे, आणि सकाळीं देवपूजेसाठीं फुलें वेंचावयास तेथें शेजारपाजारचीं माणसें येत असतात. एके दिवशीं शेजारची आठ वर्षांची मुलगी परडी तशीच टाकून धांवत वर आली व आम्हांस हाताला धरून खालीं घेऊन गेली. कुंपणाच्या एका फांदीवर बोटाएवढी जाड, हिरवीगार, अंगावर एकहि केंस नसलेली अळी पानें खात बसली होती. तिच्या मानेपाशीं काळ्या कडांचे, निळसर पांढरे असे दोन मोठे डोळे होते आणि शेंपटाकडे एक आंखूड पिवळसर शिंग होतें. आवाराचा रखवालदार खराटा घेऊन आलाच होता. "काका, बाजूला व्हा. नांगी आहे तिला, विषारी असते ती," असें म्हणून त्यानें खराटा उचलला. मुलीनें त्याचा हात धरला आणि आमच्याकडे वळून विचारलें, "आजोबा, हिचं नांव काय?"

"अळी," आम्हीं उत्तर दिलें.

"अळी तर सगळ्यांनाच म्हणतात. हिचं नांव काय?"

सत्तरीच्या घरांत आलेल्या आणि चार ग्रंथ वाचल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसास या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. शिंग निरुपद्रवी आहे इतकें मात्र आम्हांस ठाऊक होतें. तेवढ्या बळावर आम्हीं खराटा थांबविला. परंतु रखवालदाराचा दोष तो काय? ज्यास नांव नाहीं, ज्याची जातगोत कोणास ठाऊक नाहीं, त्याची आपण सर्वच जण खराट्यानें वासलात लावीत असतों. नांव ठाऊक असणें म्हणजे त्या जीवाशीं कांहीं तरी ओळख असणें. ही ओळख मनुष्यानें कशी करून घेतली, किती वेळां चुकून पुन्हां नव्यानें करून घेतली, आणि तींत आपल्या मुंबई इलाख्याचा वांटा किती होता, हें शोधूं लागतां जो इतिहास हातीं आला तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या वाङ्मयांत पतंगास जागा नाहीं असें नाहीं. परंतु ती जागा दिव्याच्या ज्योतींत आहे. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायांतील प्रसिद्ध उपमेपासून तों कालपरवांच्या प्रेमकवितांपर्यंत पतंग येतो तो जळून मरण्यासाठींच. तो दिवसां कोठें असतो, कोणत्या झाडावर वाढतो, जळण्यापूर्वी त्याचें आयुष्य काय होतें, हा प्रश्न कवीस पडला नाहीं आणि पडावा असेंहि नाहीं. परंतु दृष्टांत म्हणजे ज्ञान नव्हे. पतंग दिव्याकडे प्रेमानें किंवा मोहानें झेंपावतो ही समजूतहि आतां टिकलेली नाहीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत अतिशीघ्र छायाचित्रें घेऊन असें दाखविण्यांत आलें कीं, उडणारे कीटक आपली पाठ उजेडाच्या बाजूस ठेवितात; कारण मनुष्यानें दिवा लावण्यापूर्वीच्या कोट्यवधि वर्षांत रात्रीं उजेडाची बाजू म्हणजे आकाशाचीच बाजू होती. दिवा शेजारीं आला कीं त्यांची पाठ दिव्याकडे वळते, वर-खालीं यांचा मेळ चुकतो आणि बिचारा जीव त्याभोंवतीं फेऱ्या घालीत राहतो. यांत मोह नाहीं, दिशाभूल आहे. या नियमास जे थोडे अपवाद त्या प्रयोगांत आढळले, त्यांपैकीं एक पतंग आमच्या तगरीवरील अळीचाच होय. परंतु त्याचें नांव सांगण्यापूर्वी त्याचें कुळ सांगितलें पाहिजे.

स्वीडन देशचा पंडित लिनीअस यानें १७५८ सालीं आपल्या महाग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत प्राणिमात्रास दुहेरी नांवें दिलीं, तेव्हां खवल्यांच्या पंखांच्या साऱ्या कीटकांचे त्यानें तीनच भाग पाडले. दिवसां उडणारीं फुलपाखरें हा एक भाग. रात्रीं उडणारे बहुतेक सारे पतंग हा दुसरा. आणि या दोहोंच्या मधला तिसरा, त्यास त्यानें स्फिंक्स हें नांव दिलें. मिसर देशांतील वाळवंटांत मानवी मुखाचा आणि सिंहाच्या देहाचा जो प्रचंड पाषाणपुतळा आहे, त्याचें हें नांव. या पतंगांच्या अळ्या घाबरल्या म्हणजे अंगाचा पुढचा भाग उचलून, मान आंत ओढून निश्चल बसतात; ती बैठक त्या पुतळ्यासारखी दिसते, म्हणून हें नांव पडलें. १८०२ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेय यानें या समूहास स्फिंजिडी हें कुळनाम दिलें, आणि तें आजहि चालू आहे. इंग्रज लोक यांस बहिरी ससाण्याची उपमा देतात. आपणहि यांस ससाणा-पतंग म्हटल्यास तें नांव शोभेल. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या कुळाचें मूळ नांव पतंगावरून पडलेलें नसून अळीवरून पडलेलें आहे. पुढें दीडशें वर्षें शास्त्रज्ञांस जणूं याच गोष्टीचा विसर पडला होता.

आतां या कुळाचीं लक्षणें पाहूं. शरीर भरदार, मध्यें जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळतें, चातीसारखें. पुढचे पंख लांब व अरुंद, मागचे लहान. मागच्या पंखाच्या मुळाशीं राठ कांटा असतो. तो पुढच्या पंखाच्या खालच्या अंगास असलेल्या आंकड्यांत अडकतो आणि उडतांना दोन्ही पंख एकच होऊन हालतात. मिशा मध्यें जाडसर असून बहुधा टोंकाशीं आंकड्यासारख्या वळलेल्या. सोंड बहुतेकांची लांब. ती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळून ठेवलेली असते. फुलावर न बसतां, हवेंत एकाच ठिकाणीं तरंगत राहून मध पिण्याची कला या कुळास साधलेली आहे. त्यासाठीं लागणारी शक्ति इतकी मोठी, कीं उड्डाणापूर्वी हा पतंग कांहीं वेळ पंख थरथरवितो व छातीचे स्नायु तापवून घेतो. अळी बिनकेसांची असून तिच्या शेंपटाकडील भागावर बहुधा एक शिंग असतें. या शिंगांत विष नाहीं व डंखहि नाहीं. कोश बहुतेक जाति मातींत करितात, कांहीं पाचोळ्यांत. जगांत या कुळाच्या दीड हजारांहून अधिक जाति ज्ञात आहेत. आपल्या देशांत सुमारें दोनशें आहेत.

या आंकड्यांनीं वाचकांनीं बुजूं नये. यांतील कित्येक मंडळी आपल्या परसांतच नांदत असतात. रताळ्याच्या वेलावर वाढणारा अग्रिअस हा राखी रंगाचा असून त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंस गुलाबी व काळे पट्टे असतात. त्याची सोंड त्याच्या देहाहून लांब असते. तिळाच्या शेतांत जी अवाढव्य अळी शेतकऱ्यास सांपडते, तिचा पतंग अ‍ॅकेरॉन्शिया होय. त्याच्या पाठीवर मनुष्याच्या कवटीसारखें चिन्ह असतें आणि हात लावला असतां तो उंदरासारखा चींचीं करितो. त्याची सोंड आंखूड व बळकट असते, कारण तो फुलांवर न जातां मधमाशांच्या पोळ्यांत शिरून मध चोरतो. नांवें ठेवणारांनीं कवटी पाहून ग्रीकांच्या वैतरणीचीं, म्हणजे अ‍ॅकेरॉन व स्टिक्स या पाताळनद्यांचीं, नांवें त्यास देऊन टाकलीं. अंगणांतील अनंताच्या झाडावर सेफोनोडीस वाढतो. तो कोशांतून निघतो तेव्हां त्याच्या पंखांवर खवले असतात. पहिल्याच उड्डाणांत ते झडून पंख कांचेसारखे पारदर्शक होतात, आणि हा पतंग भर दिवसां भुंग्यासारखा हिंडतो. अळूच्या वड्या करितांना पानांमागें जी शिंगवाली अळी गृहिणींच्या हातीं लागते ती पुष्कळदां थेरेट्रा या प्रजातीची असते. तेरड्यावरहि तीच आढळते, आणि तिच्या तपकिरी पतंगाच्या पोटावर चांदीच्या तारेसारख्या दोन रेघा असतात.

असो. आतां इतिहासाकडे वळूं. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं मुंबईंत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट म्युझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांत दोघे मराठी होते ही गोष्ट आपणांस अभिमानाची आहे. एक प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि दुसरे वनस्पति व औषधि यांचे जाणते डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांच्या घरीं पुढें डॉक्टर झालेल्या रखमाबाई वाढल्या. उरलेल्यांत दोन नांवें आमच्या विषयाशीं निगडित आहेत: कर्नल चार्ल्स स्विन्हो आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकिन.

स्विन्हो हे लष्करी अधिकारी, परंतु त्यांची खरी मोहीम पतंगांवर होती. मुंबई, पुणें, महाबळेश्वर इत्यादि ठिकाणीं त्यांनीं पतंग व फुलपाखरें गोळा केलीं, आणि १८८५ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतांत मुंबई व दख्खन येथील या कीटकांवर त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. आमच्या भागांतील पतंगांची पद्धतशीर यादी होण्यास येथून आरंभ झाला. परंतु ही यादी मेलेल्या पतंगांची होती. टांचणीस टोंचलेला, पंख पसरून वाळविलेला नमुना पेटींत घालून लंडनास पाठवावा, तेथें त्याचें नांव ठरावें, आणि तें नांव छापील पानावर येथें परत यावें, असा तो क्रम होता.

या क्रमाचें परिपक्व फळ म्हणजे जॉर्ज हॅम्सन यांचे चार खंड. हॅम्सन तरुणपणीं निलगिरींत चहाच्या मळ्यांवर होते. तेथें त्यांस पतंगांचा नाद लागला, आणि पुढें ब्रिटिश म्युझियममध्यें बसून त्यांनीं १८९२ ते १८९६ या अवधींत हिंदुस्थानांतील पतंगांचें वर्णन पुरें केलें. साडेपांच हजारांहून अधिक जाति त्यांत आल्या. त्यांचा मुख्य आधार पंखांतील शिरांचा. कोणती शीर कोठून फुटते, कोणती कोणत्या शिरेस मिळते, यावरून त्यांनीं कुळें व प्रजाति लाविल्या. ही पद्धत चांगली होती यांत संशय नाहीं, कारण रंग उडतात, शिरा राहतात. एका मनुष्यानें एवढें काम करावें हें थोरच म्हटलें पाहिजे. परंतु ते खंड चाळतांना एक उणीव जाणवते. पतंगाचें वर्णन सविस्तर, आणि अळीची जागा पुष्कळ ठिकाणीं रिकामी. आमच्या शेजारच्या मुलीनें तगरीची अळी घेऊन हॅम्सन यांचा ग्रंथ उघडला असता, तर पंखांच्या शिरा मोजून तिला काय लाभ झाला असता? तिच्या अळीस पंखच नव्हते.

दुसरें पाऊल १९०३ सालीं इंग्लंडांत पडलें. ट्रिंग येथील आपल्या खासगी संग्रहालयांत वॉल्टर रॉथ्सचाइल्ड या धनाढ्य गृहस्थानें जगांतील पतंग जमविले होते. त्यांनीं व त्यांचे जर्मन सहकारी कार्ल जॉर्डन यांनीं मिळून केवळ या एका कुळावर हजाराच्या घरांत पानें असलेला ग्रंथ लिहिला. त्यांची दृष्टि हॅम्सन यांच्याहून बारीक होती. सोंडेच्या दोहों बाजूंस जे आंखूड केसाळ अवयव असतात, त्यांच्या पहिल्या पेऱ्याच्या आंतल्या अंगास स्पर्शज्ञान करून देणाऱ्या अति सूक्ष्म केंसांचा पुंजका आहे किंवा नाहीं, यावरून त्यांनीं साऱ्या कुळाचे दोन मोठे विभाग केले आणि त्यांखालीं पांच उपकुळें घातलीं. वरवर दिसणारा आकार व रंग हे राहणीनें बदलतात. परंतु असा आडबाजूचा, निरुपयोगी भासणारा अवयव पूर्वजांची खूण जपून ठेवितो, हें त्यांचें मर्म. वकील ज्याप्रमाणें दस्तऐवजाच्या मजकुरापेक्षां त्याच्या पाठीवरील शिक्क्यावरून त्याचें वय काढतो, तसाच हा प्रकार.

याच ग्रंथाशीं एक प्रसिद्ध हकीकत जोडलेली आहे. मादागास्कर बेटांतील एका आमरीच्या फुलास सुमारें अकरा इंच लांबीची नळी असून तिच्या तळाशीं मध असतो. हें फूल पाहून डार्विन यांनीं १८६२ सालीं असें लिहिलें कीं, इतक्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटांत असलाच पाहिजे. लोक हंसले. १८६७ सालीं वॉलेस यांनीं पुढें जाऊन तो पतंग याच स्फिंक्स-कुळाचा असेल असें भाकीत केलें. रॉथ्सचाइल्ड व जॉर्डन यांच्या ग्रंथांत तो पतंग खरोखरच आला, आणि त्याच्या नांवांत त्यांनीं 'भाकीत केलेला' या अर्थाचा लॅटिन शब्द गुंफला. फुलावरून पतंग ओळखतां आला, याचा अर्थ इतकाच कीं पतंग हा एकटा प्राणी नव्हे. तो कोणत्या तरी झाडाचा सोबती आहे. हा धडा आमच्या इलाख्यांत एका वनाधिकाऱ्यानें पुरतेपणीं गिरविला.

मुलुंडच्या पूर्वेस खाडीकडे मिठागरें आहेत हें येथील रहिवाशांस सांगावयास नको. त्या काळीं मीठ व जकात यांचें एकच खातें असे, आणि वर उल्लेखिलेले एटकिन याच खात्यांतील नोकर. त्यांचा जन्म १८५१ सालीं सातारा येथें झाला, कांहीं वर्षें त्यांनीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविलें, आणि खात्याच्या बदल्यांमुळें त्यांस कोंकणचा किनारा पायांखालीं घालावा लागला. या फिरतींत त्यांची गांठ उत्तर कानडा जिल्ह्यांत कारवाराकडे दोघांशीं पडली: तेथील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन व वनखात्यांतील थॉमस रीड डेव्हिस बेल. कारवारचा हा जिल्हा १८६२ सालीं मद्रासेकडून मुंबई इलाख्यांत आला होता व १९५६ पर्यंत मुंबईच्याच राज्यांत होता. तेथील कोंकणी-मराठी बोलणारांचें मुंबईशीं नातें जुनें आहे. या तिघांनीं मिळून त्या जिल्ह्यांतील फुलपाखरांवर लिहिलें, आणि तें पतंगांच्या पेट्या भरणाऱ्या जुन्या रीतीनें नव्हे. त्यांनीं अंडीं शोधलीं, अळ्या घरीं पाळल्या, कोशांवर नजर ठेविली आणि कोणती अळी कोणतें पान खाते हें लिहून ठेविलें.

बेल यांचा जन्म आयर्लंडांत १८६३ सालीं झाला. सेवानिवृत्तीनंतर ते स्वदेशीं न जातां कारवारासच राहिले आणि १९४८ सालीं तेथेंच वारले. वनखात्यांतील मनुष्यास झाड ओळखावेंच लागतें, आणि झाड ओळखणाऱ्यास त्यावरील अळी कोणाची हें विचारण्याची संवय लागली तर त्याच्यासारखा पतंगांचा जाणकार नाहीं. मेजर स्कॉट यांच्या सहकार्यानें त्यांनीं लिहिलेला ससाणा-पतंगांवरील खंड १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. हॅम्सन यांच्याच ग्रंथमालेंतील हा पांचवा खंड. परंतु दोहोंत चाळीस वर्षांचें अंतर आहे आणि दृष्टीचें अंतर त्याहून मोठें आहे. येथें पतंगाबरोबर त्याचें अंडें, त्याची अळी, अळीच्या वयाप्रमाणें बदलणारे रंग, तिची बसण्याची तऱ्हा, तिचें खाद्य, तिचा कोश, या साऱ्यांस जागा मिळाली. रॉथ्सचाइल्ड व जॉर्डन यांनीं बांधलेल्या वंशवृक्षास यामुळें पानें फुटलीं असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही मांडणी पुढें कितपत टिकली? २००९ सालीं १३१ जातींच्या पांच जनुकांचा ताळा घेऊन या कुळाची वंशावळ नव्यानें लावण्यांत आली. पांचांऐवजीं आतां तीन मोठीं उपकुळें मानण्याचा प्रघात पडला होता. त्या तीन शाखा जनुकांच्या कसोटीसहि बहुतांशीं उतरल्या, मात्र कांहीं प्रजातींस एका घरांतून उठवून दुसऱ्या घरांत बसवावें लागलें. म्हणजे लिनीअस यानें बैठकीवरून, हॅम्सन यांनीं शिरांवरून, रॉथ्सचाइल्ड-जॉर्डन यांनीं सूक्ष्म केंसांवरून, आणि आजच्या शास्त्रज्ञांनीं पेशींतील लेखावरून एकच प्रश्न विचारला: हा कोणाचा कोण? उत्तरें सुधारत गेलीं. परंतु बेल यांनीं जो प्रश्न विचारला तो वेगळा होता: हा कोठें राहतो आणि काय खातो? पहिल्या प्रश्नाचें उत्तर लंडनांतल्या पेटीवरून देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर येथें येऊन, पावसांत उभें राहूनच द्यावें लागतें.

आणि येथेंच आमच्या मनास टोंचणी लागते. सोसायटीच्या स्थापनेच्या दिवशीं दोन मराठी विद्वान त्या खोलींत होते. पुढें दीडशें वर्षें होत आलीं. या अवधींत आपल्या भाषेनें कोश रचिले, नाटकें केलीं, व्याकरणावर वाद घातले. परंतु अळूवरील अळीस व अनंतावरील पतंगास नांव दिलें नाहीं. कोणी म्हणेल, लॅटिन नांवें आहेतच, तीं जगभर चालतात, मराठीचा आग्रह कशास? लॅटिन नांवाचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं; तें नसतें तर कारवारची अळी आणि आफ्रिकेंतली अळी एकच आहे हें कधींच कळलें नसतें. परंतु तें नांव पंडितांच्या पत्रव्यवहारासाठीं आहे. रखवालदाराचा खराटा त्यानें थांबत नाहीं. आठ वर्षांच्या मुलीस जें नांव उच्चारतां येईल, तेंच नांव आवारांत उपयोगी पडतें. फुलपाखरांच्या बाबतींत हें काम सुरू झालें आहे. २०१५ सालीं महाराष्ट्रानें राज्याचें फुलपाखरूं ठरविलें तेव्हांपासून नीलवंत हें नांव शाळकरी मुलांच्याहि तोंडीं बसलें. पतंग मात्र अद्याप अनामिक आहेत, आणि संख्येनें ते फुलपाखरांहून कितीतरी पटींनीं अधिक आहेत.

मुलुंडच्या पश्चिमेचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मोडतो. तेथला बिबट्या वस्तींत उतरला कीं वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत बातमी येते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच डोंगरावरून रोज रात्रीं शेंकडों पतंग आमच्या गल्ल्यांत उतरतात, अनंत, रताळीं, अळू, तेरडा व तगर यांवर अंडीं घालतात आणि पहांटेपूर्वी परत जातात. त्यांची वाट दरवर्षीं थोडी अधिक उजळ आणि थोडी अधिक ओसाड होत आहे. अंगणाच्या जागीं फरशी आली, कीं अनंत गेला. अनंत गेला, कीं कांचेच्या पंखांचा तो पाहुणा गेला. त्याचें नांवच ठाऊक नसल्यामुळें तो गेला हेंहि कोणास कळत नाहीं. हरवलेल्या वस्तूची यादी करण्यास ती वस्तु एकदां यादींत असावी लागते.

आतां त्या अळीचें काय झालें तें सांगून पुरें करूं. आम्हीं ती तगरीच्या फांदीसकट कांचेच्या बरणींत ठेविली आणि तोंडास मलमलीचें फडकें बांधलें. शोध करितां तिचें नांव सांपडलें: डॅफ्निस नेरिआय. लिनीअस यानेंच १७५८ सालीं हिच्या पतंगास नांव दिलें, तें कण्हेरीच्या लॅटिन नांवावरून, कारण युरोपांत ती कण्हेरीवर आढळली. जें पान गुरांस मारक, तें ही अळी सुखानें पचविते. आपल्याकडे कण्हेरीबरोबर तगरहि तिला तितकीच प्रिय आहे. चार दिवसांनीं तिच्या पाठीचा हिरवा रंग जाऊन ती काळपट तपकिरी झाली व बरणींत अस्वस्थपणें फिरूं लागली. आम्हीं तळाशीं माती व वाळकीं पानें घातलीं. तिनें दोन पानें विरळ धाग्यांनीं जोडून आंत कोश केला. मुलगी रोज शाळेंतून आल्यावर प्रथम बरणी पाही.

पंधराव्या दिवशीं संध्याकाळीं पतंग निघाला. पंख आरंभीं चुरगळलेल्या कागदासारखे होते. फांदीस उलटें लटकून त्यानें ते हळूहळू पसरिले, तेव्हां हिरव्याच्या चार-पांच छटा, त्यांत पांढरट व गुलाबी पट्टे, जणूं ओल्या शेवाळावर ऊन पडलें आहे असा तो रंग दिसूं लागला. अंधार पडल्यावर आम्हीं फडकें सोडून बरणी सज्जांत ठेविली. रखवालदारहि वर आला होता. पतंगानें पंख थरथरविण्यास आरंभ केला. मुलीस वाटलें कीं त्यास थंडी वाजते आहे, तेव्हां तो उडण्यापूर्वी अंग तापवितो आहे असें आम्हीं तिला समजावून सांगितलें. मग तो एकदम उठला. सज्जांतला दिवा जळत होता. त्याकडे न वळतां तो सरळ डोंगराच्या अंधाराकडे निघून गेला. एका पतंगावरून सिद्धांत करूं नये हें आम्ही जाणतों. तरी पण पतंगाविषयीं आजवर ऐकलेल्या साऱ्या उपमा त्या क्षणीं आम्हांस आठवल्या.

लॅटिन नांव मुलीनें दोनदां म्हणून पाहिलें व सोडून दिलें. "आपण त्याला तगरपाखरूं म्हणूं," ती म्हणाली. शास्त्रास हें नांव मान्य होईल न होईल. परंतु गेल्या महिन्यांत रखवालदारानें आमचें दार ठोठावलें. खराटा त्यानें जिन्याशीं टेकून ठेविला होता आणि हातांत तगरीची एक फांदी जपून धरली होती. "काका," तो म्हणाला, "तुमचं तगरपाखरूं आलंय."

ज्या वाचकांच्या दारीं अनंत असेल, कुंडींत अळू असेल, त्यांनीं येत्या पावसाळ्यांत एकवार पानें उलटून पाहावीं, आणि जें सांपडेल त्यास त्याचें नांव विचारावें, इतकेंच विनवून हा लेख पुरा करितों.